शंभरावर धावणाऱ्या निमसे सिस्टर

मीटरवर शंभर आकडा दिसला की लोक खूश होतात. निमसे सिस्टर पळत सुटायच्या.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई जरा सटकलेली दिसते. मी नुकताच त्या दवाखान्यात लागलो होतो. एका ट्रस्टचा छोटा दवाखाना, शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला. मी डोळे तपासणारा, डॉक्टर नव्हे. चष्म्याचे नंबर काढायचे, मोतीबिंदूची म्हातारी माणसं हुडकून पुढे पाठवायची, डोळ्यात गेलेला भाताचा तूस काढायचा, एवढीच माझी मजल. पण गावाकडच्या लोकांनी मला ‘डोळेवाले सायेब’ करून टाकलं होतं आणि मीही ते करू दिलं होतं. माझ्या खोलीसमोरच दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांची खोली होती. मधे सहा पावलांचा पॅसेज.

त्या दिवशी एक नवी नर्स एका बापाला कौतुकानं दाखवत होती, ‘बघा, शंभर झाला!’ बाळाच्या पायाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा लाल दिवा बांधलेला, वर त्याचं मीटर. बापानं मीटरला हात जोडले. तेवढ्यात पॅसेजमधून निमसे सिस्टर आल्या, ओल्या हातांनी, चपलांचा फटफट आवाज करत. त्यांनी ऑक्सिजनचं बटण मागे फिरवलं. थोडं फिरवलं, थांबल्या, मीटरकडे पाहिलं, परत थोडं फिरवलं. आकडा चौऱ्याण्णवावर आला तेव्हा त्यांनी हात पुसले.

बाप कासावीस झाला होता. ‘बाय, शंभर चांगला ना?’

‘शाळेत,’ सिस्टर म्हणाल्या.

असं त्यांचं बोलणं. पण बापाला तसंच टांगून ठेवायच्या नाहीत. बाहेर नेऊन समजावून सांगायच्या, आणि दर वेळी तोच वेल. ‘घोसाळ्याचा वेल लावता ना दारी? मांडवाला धरून वाढला तर घोसाळी मिळतात. याच्या डोळ्याच्या मागं तसा पडदा हाय. त्या पडद्यावर रक्ताचा वेल अजून वाढतोय. पोटात वाढायचा तो, आता बाहेर वाढतोय. ऑक्सिजन लय झाला तर आधी तो वाढायचा थांबतो, आणि मग पिसाटासारखा भलतीकडं धावतो. मग मांडवच ओढून पाडतो. वरून डोळा चांगला दिसंल, पण आत पडदा सुटलेला असंल.’

‘मग देऊच नका ना ऑक्सिजन!’ कुणीतरी हमखास म्हणायचं.

‘कमी पडला तर जीव जाईल. म्हणून तर मी पळते.’

खरंच पळायच्या. सहा पावलांचा पॅसेज त्या चार पावलांत ओलांडायच्या. चहा उभ्यानं. जेवण अर्धं. खुर्चीत बसल्याच तर अशा टोकाला, की उठण्यासाठी वेगळे कष्ट नकोत. पन्नाशी उलटलेली बारीक बाई, नवरा रेल्वेत, राहायला कसाऱ्याला. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे त्यांच्याबरोबर चालावं लागे, आणि मी तसा बूड टेकवून बसणारा माणूस. त्यामुळे पहिले सहा महिने आमचं बोलणं ‘काय भाऊ’ आणि ‘काय सिस्टर’ यापलीकडे गेलं नाही.

बटणं मागे फिरवायची सवय तर त्यांच्या हातात इतकी भिनली होती की विचारू नका. एकदा हळदीकुंकवाला आमच्याकडे आल्या. बायकोनं गॅसवर दूध ठेवलेलं. सिस्टर बोलता बोलता स्वयंपाकघरात गेल्या आणि गॅस बारीक करून आल्या. बायकोनं मोठा केला, यांनी पुन्हा बारीक केला. त्या गेल्यावर बायको म्हणाली, ‘तुमच्या सिस्टर सासू म्हणून चालायच्या नाहीत.’ माझ्या खोलीतला पंखा त्या येता-जाता पाचावरून दोनावर आणत. मी भर उन्हाळ्यात घामाघूम व्हायचो आणि मनात त्यांना चार शब्द ऐकवायचो. मनातच हं. तोंडावर ऐकवायची छाती कुणाची होती?

एकानं मात्र ती हौस केली. आमच्या भागातले एक बडे व्यापारी ऑक्सिजनची मोठी टाकी देणगी द्यायला आले. फुलं, फोटो, पेढे. त्यांनी भाषणात सांगितलं, ‘आता या बाळांना ऑक्सिजन कधीच कमी पडणार नाही!’ टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर मागून निमसे सिस्टर म्हणाल्या, ‘सायेब, ऑक्सिजन हाय. त्यात साधी हवा मिसळायचं यंत्र द्या.’

‘साधी हवा?’ व्यापाऱ्यांना गंमत वाटली. ‘अहो सिस्टर, ती तर देवानं फुकट दिलीय!’

सगळे हसले. मीही हसलो, आता कशाला लपवू. सिस्टर हसल्या नाहीत. दर सोमवारी सकाळी दहा वाजता त्या व्यापाऱ्यांना फोन करू लागल्या. ‘नमस्कार, निमसे सिस्टर बोलते, साधी हवा.’ एवढंच. पुढं त्यांच्या दुकानातल्या नोकरांनीच म्हणे त्यांना गळ घातली, की ते यंत्र एकदाचं देऊन टाका. यंत्र आलं तेव्हा फोटोला कुणी नव्हतं. सिस्टरांनी ते पुसून पुसून इतकं चकचकीत ठेवलं की मला माझ्या भिंगांची लाज वाटली.

अशा बाईमागे लोकांना एखादं जुनं दुःख हवं असतं. दवाखान्यात कुजबुज होती की तरुणपणी सिस्टरांच्या हातून कुणा बाळाची नजर गेली, तेव्हापासून त्या अशा आहेत. मी एकदा धीर करून विचारलं. त्या चालता चालता थांबल्या, हेच मोठं.

‘तसं काय नाय भाऊ. ट्रेनिंगला गेले व्हते, तिथं मॅडमनी शिकवलं. शिकवलेलं करायचं असतं ना?’

मी जरा हिरमुसलोच. इतकं साधं कारण? शिकवलं तर आम्हालाही बरंच होतं.

आता ते सांगतो, ज्यासाठी लिहायला बसलो आहे आणि ज्याला बगल देत इथवर आलो.

सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका पाड्यातली मनीषा आमच्याकडे सातव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगा, वजन जेमतेम तेराशे ग्रॅम. एकवीस दिवस तो काचेच्या पेटीत होता. मनीषाचा नवरा भिवंडीला गोदामात कामाला, त्यामुळे सगळं बघायला तिची आई, हौशाबाई. काटक म्हातारी. पॅसेजमध्ये घोंगडी टाकून एकवीस दिवस बसून होती. सिस्टर पळायच्या, ही बसायची. दोघींचं छान जमलं होतं.

घरी जायच्या दिवशी सिस्टरांनी त्यांना बजावलं, ‘डोळ्याचा पडदा तपासायला कल्याणला न्यायचा. मोठे डॉक्टर दर गुरुवारी एक वाजेपर्यंत बसतात. महिना भरायच्या आत न्यायचा, काय वाट्टेल ते झालं तरी.’ ऑक्सिजन कितीही सांभाळून दिला तरी इतक्या लहानग्याचा वेल भरकटू शकतो, म्हणून हे तपासणं. वेळेत कळलं तर लेझरनं थांबवता येतं. उशीर झाला तर नाही.

बाळाला घेऊन निघताना हौशाबाई माझ्या दारात थांबली. ‘सायेब, तुमी डोळ्यांचे. एकदा बघा ना आमच्याला. डोळं बरं हायेत ना?’

मी टॉर्च मारला. इवले काळेभोर डोळे. उजेडानं मिटले, पुन्हा उघडले. माझ्या टॉर्चला मागचा पडदा दिसत नाही, हे मला माहीत होतं. अगदी नीट माहीत होतं. पण म्हातारी इतक्या आशेनं बघत होती, आणि मीही डोळेवाले सायेब.

‘एकदम छान आहेत आजी,’ मी म्हणालो.

पुढच्याच दिवशी सिस्टरांची आई गेली. त्या गावी निघाल्या, तेही पळतच. जाताना माझ्या खोलीत डोकावल्या. ‘भाऊ, मनीषाचं बाळ गुरुवारी कल्याणला गेलं का, तेवढं बघा.’ मी हो म्हटलं. फोन केला, लागला नाही. त्या पाड्यात रेंज नाही. दुसऱ्या दिवशी एकदा केला. मग सोडून दिलं. डोळे चांगले होते की, मीच पाहिले होते.

दिवसकार्य आटोपून, जवळची चार कामं उरकून सिस्टर सतरा दिवसांनी परत आल्या. बुधवार होता. आल्या आल्या कल्याणला फोन करून विचारलं. बाळ तिथं पोचलंच नव्हतं. त्यांनी मनीषाच्या नवऱ्याला भिवंडीला गाठलं. मी समोरच होतो. फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता.

‘नेणार ना सिस्टर! महिना भरायच्या आत सांगितलंत ना तुमी? अजून बारा दिवस हायेत.’

सिस्टरांनी फोन ठेवला. बोटांवर काहीतरी मोजलं. त्यांचं तोंड असं उतरलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

‘घरी आला तवापासून मोजतायत, भाऊ.’

गुरुवारी सकाळी साडेसहाला आम्ही माझ्या मोटरसायकलवर निघालो. मी आपण होऊन निघालो असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. सिस्टर म्हणाल्या, ‘गाडी काढा,’ म्हणून निघालो. मुरबाड येईपर्यंत त्या मागून तीनदा म्हणाल्या, ‘हळू नका चालवू.’ पुढचा रस्ता खाचखळग्यांचा, समोर सिद्धगडाचा काळा डोंगर, आणि शेवटी तर रस्ताच नाही. गाडी एका झाडाखाली लावून पायवाटेनं चढलो. सिस्टर पुढे, मी धापा टाकत मागे. मला सारखं वाटत होतं की पाय मोडावा आणि इथंच बसावं. म्हातारीच्या समोर जायची मला भीती वाटत होती.

हौशाबाईनं दारातच ओळखलं. ‘अगो बाय! सिस्टर! आणि डोळेवालं सायेब पन!’ मी खाली बघितलं. सिस्टर आत गेल्या. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला जागा नाही, मी अंगणात. आतून शेगडीचा धूर आणि ओव्याचा वास येत होता. दोघींचं बराच वेळ हळू बोलणं चाललं होतं. मग दोघी उंबऱ्याशी आल्या आणि आवाज चढले.

‘सव्वा महिना झाल्याबिगर पोर उंबऱ्याबाहेर नाय जायाचा. महिना भरायच्या आत न्यायचा म्हणून सव्वा महिन्यालाबी आम्ही मुरड घातली ना? तुमी सांगितलं म्हणून!’

‘मावशी, आज चाळीसावा दिवस हाय त्याचा.’

‘एकोनिसावा! पाचवी पुजली ती काय खोटी?’

‘पाचवी कधी पुजलीत?’

‘घरी आला त्याच्या पाचव्या दिशी. आधी कशी पुजायची? काचेत व्हता तवा तो आमचा कुठं व्हता? तुमचा व्हता. आमी नुसतं बाहेर बसलेलो. जगंल का मरंल, कुनाला ठावं? घरी आला तवा जलमला तो आमच्याकडं.’

मी घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून गेले होते. मला वाटलं, आता सिस्टर भडकणार. माझं डोकं तर केव्हाच फिरलं होतं. उंबऱ्याचा आणि पाचवीचा हिशोब चाललाय आणि तिकडे मुलाचा डोळा जातोय! पण सिस्टर भडकल्या नाहीत. उंबऱ्यावर म्हातारीसमोर उकिडव्या बसल्या.

‘बरं मावशी. काचेतले एकवीस दिवस तो माझा व्हता?’

‘तुमचाच.’

‘मग ते दिवस मी मोजलेत. मी त्याला राती पाजलाय, पुसलाय, त्याचा श्वास मोजलाय. माझे एकवीस आणि तुमचे एकोनीस. दोघींचे मिळून चाळीस झाले. सव्वा महिना उलटला. माझ्या दिवसांना तुमी काहीच धरायचं नाय?’

म्हातारीनं आत वळून पाहिलं. आतून मनीषा काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही. हौशाबाई उठली, आत गेली. बाहेर आली ती बाळाला घेऊनच, गोधडीत गुंडाळलेलं. उंबऱ्याच्या आतून तिनं ते सिस्टरांच्या पदरात घातलं. कुंकू लावलं, आधी बाळाला, मग सिस्टरांना. दुपट्यात एक लहान कोयती खोचली, लोखंड जवळ असावं म्हणून, आणि कडुलिंबाचा डहाळा. ‘आता तूच ने,’ म्हणाली. ‘तुझ्या दिवसांवर.’

मग सगळी धावपळ. पायवाट उतरलो, मोटरसायकल झाडाखालीच सोडून जीप धरली, मुरबाड, तिथून कल्याणची गाडी. मनीषा डोक्याला फडकं बांधून खिडकीला टेकलेली, म्हातारी डहाळा धरून, सिस्टर बाळाला छातीशी घेऊन दर दोन मिनिटांनी मला विचारत, ‘किती वाजले?’ दवाखान्याच्या दारावर रखवालदारानं पिशव्या तपासल्या आणि दुपट्यातली कोयती बाहेर काढली.

‘हे काय आहे?’

‘राखण हाय त्याची,’ सिस्टर चालता चालता म्हणाल्या. ‘तुमी तुमची करा, ती तिची करील.’

पाऊण वाजला होता. बाळाच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या व्हायला अर्धा तास थांबलो. डॉक्टर थांबले आमच्यासाठी. त्यांनी बराच वेळ पाहिलं, आधी उजवा, मग डावा, मग पुन्हा डावा.

‘उजवा वाचवू. आजच लेझर करतो. डाव्याचा पडदा सुटायला लागलाय. दोन्हीला करतो, पण डाव्याची आशा धरू नका.’ मग चष्मा काढून ते म्हणाले, ‘दहा-बारा दिवस आधी का नाही आणलं? कोणी सांगितलं नव्हतं का यांना?’

सांगण्यासारखं सगळं माझ्याकडेच होतं. टॉर्च, ‘एकदम छान’, न लागलेला फोन. तोंड उघडलं की झालं. मी उघडलं नाही.

‘चूक माझी सर,’ निमसे सिस्टर म्हणाल्या. ‘मी महिना सांगितला. तारीख नाय सांगितली.’

डावा गेला. उजवा वाचला. त्यानंतर सिस्टरांनी कुणालाही महिना सांगितला नाही. घरी जाणाऱ्या आईला त्या विचारायच्या, तुमचा आठवड्याचा बाजार कधी असतो, आणि त्यावरून सांगायच्या, पहिला बाजार सोडायचा, दुसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी न्यायचा. शिवाय घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करायला बाळाच्या बापाला आपलं लाल पेन देऊन टाकायच्या. दवाखान्यात लाल पेन म्हणून टिकत नसे. मला त्या काही बोलल्या नाहीत. एकदाच माझ्या दारात थांबून म्हणाल्या, ‘भाऊ, इथून पुढं कुनी बाळाचे डोळे दाखवले तर म्हणायचं, मला यातलं कळत नाय. जमंल?’ मी म्हटलं, जमेल. मला वाटलं, टॉर्चचं त्यांना ठाऊक नसावं, सहज म्हणाल्या असतील. माणूस स्वतःची सोय बरोबर बघतो.

पाच वर्षं गेली. सिस्टर निवृत्त झाल्या. त्यानंतर कधी भेट नाही. मागच्या महिन्यात मी खोलीत बसलो होतो, तर चपलांची फटफट ऐकू आली. सिस्टर, आणि त्यांच्याबरोबर जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक पोरगा, मनीषाचा. विराज. हौशाबाईचे गुडघे गेलेत, म्हणून चष्म्याच्या नंबरासाठी वर्षातून दोनदा सिस्टरच त्याला कल्याणला न्यायच्या, आता डॉक्टरांनी जवळ दाखवा म्हटलं म्हणून माझ्याकडे आणलं. मी तपासलं. उजव्या डोळ्यानं तो चित्रांची सहावी ओळ धडाधडा वाचून गेला. डाव्याला फक्त उजेड कळतो.

तो बाहेर खेळायला गेला. मी कार्डावर नंबर लिहिला आणि पेन खाली ठेवलं.

‘सिस्टर, त्या दिवशी आजीला मीच सांगितलं होतं, डोळे छान आहेत. आणि तुम्ही सांगूनसुद्धा मी मागे लागलो नाही.’

‘माहीत हाय,’ त्या म्हणाल्या. ‘आपण पाड्यावर गेलो त्या दिवशी मावशीनं आत सांगितलं मला. सायेब म्हणाले चांगले, म्हणून घाई नाय केली.’

‘मग तिथं डॉक्टरांसमोर तुम्ही...’

‘तुमचं नाव सांगितलं असतं, तर तुमी दुसऱ्या दिवशी बदली घेतली असती. मी ओळखत नाय व्हय तुमाला? समोरच्या खोलीत आणखी सहा बाळं व्हती. मला तो पॅसेज ओलांडून येणारा एक माणूस पायजे व्हता.’ मग कार्ड उचलत म्हणाल्या, ‘उजवा मावशीचा, भाऊ. तिनं पदरात घातला म्हणून. डावा आपल्या दोघांचा.’

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. सिस्टरांनी समजूत वगैरे काही काढली नाही. कार्ड पिशवीत टाकलं, घड्याळ पाहिलं, मुरबाडची गाडी सव्वाबाराची होती.

मी दारापर्यंत गेलो. विराज पायरीवर उभा होता. सिस्टर उतरल्या, त्याच्यामागून वळसा घालून गेल्या आणि त्याचा डावा हात धरला. रस्त्यावर ट्रक होते, मोटरसायकली होत्या. पोरगा उजवीकडचं सगळं बघत, बडबडत चालला होता. डावीकडून त्या चालत होत्या.